व्याह्यांनी भरलेली मोटर

आमच्या गिरणीची मोटर पहिल्यांदा जळली तेव्हा तो वास आधी मला नाही, दळणाला बसलेल्या बायकांना आला. मला वाटलं शेजारी कुणाची भाकरी करपली. तर एक जण म्हणाली, "मावशी, भाकरीचा वास असा असतो होय? तुमचंच कायतरी करपलंय, उठा." उठून बघते तो पट्टा थांबलेला आणि मोटरच्या पोटातून निळा धूर निघतोय. अर्धं दळण वर टोपलीत, अर्धं खाली पिठात. ज्या बाईचं दळण होतं ती दोन्हीकडे बघत राहिली, कुठलं न्यायचं म्हणून.

ही गिरणी म्हणजे माझं सगळं आहे, हे आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. अंजूरला आमचं भाताचं शेत होतं. आता तिथे गोडाऊन आहे, पत्र्याचं, एवढं लांब की चालून दुसऱ्या टोकाला जाईपर्यंत माणसाला तहान लागावी. शेत गेलं तेव्हा माझ्या मालकांनी गिरणी टाकली. लोक गाड्या घेत होते, सोनं करत होते. हे म्हणाले, शेत गेलं तरी तांदूळ आपल्या दारातून गेला पाहिजे, दुसऱ्याचा का असेना. मोटर घ्यायला स्वतः गेले, आणि आली तेव्हा येईल त्याला सांगायचे, अस्सल तांब्याची आहे, आत सगळं तांबं. मला तेव्हा हसू यायचं. आतलं तांबं कोण बघायला जातंय? घागर असती तर चिंचेनं घासून उंबऱ्यात ठेवली असती, चारचौघांना दिसली असती.

ते गेल्यावर गिरणी मी चालवायला घेतली. एकच लेक आम्हाला, ती भिवंडीत दिलेली. गिरणी आहे म्हणून मी तिच्या दारात जाऊन पडले नाही. आणि गिरणीच्या ओट्यावर बसलं की गाव आपणहून भेटायला येतं, म्हाताऱ्या बाईला आणखी काय पाहिजे?

तर मोटर जळली. मागच्या खोलीत माझा भाडेकरू राहतो. तिकडे उत्तरेकडचा, सगळा जन्म कापडाच्या लूमवर गेला त्याचा, अजून शिफ्ट करतो. तो ड्युटीवरून आला, मोटरला नाक लावलं आणि म्हणाला, पूर्ण भरावी लागेल. मोटर भरायची म्हणजे आतली जळालेली तार सगळी काढून टाकायची आणि नवीन गुंडाळून बसवायची. भिवंडीत याची दुकानं काय कमी? इतके लूम, इतक्या मोटरी, रोज कुठली ना कुठली जळतेच. पण त्यानं मला एक गोष्ट समजावून सांगितली. लूमवाले मोटर नुसती टाकून येत नाहीत. ते मोटरवर माणूस बसवतात. म्हणजे दुकानात एक माणूस स्टूल घेऊन बसतो, जुनी तार निघते ती बघतो, नवीन तार चढते ती बघतो, मोटर बंद होऊन पेच आवळले की मगच उठतो. आणि येताना जुनी तार पिशवीत घालून घेऊन येतो, ती मालकाची.

मी विचारलं, एवढा पहारा कशाला? तो म्हणाला, "मौसी, बंद मोटर और बंद मुट्ठी, अंदर क्या है कौन देखता है। वहीं बैठना। उठना मत।"

मी हसले. म्हटलं, अरे बाबा, मला कशाला बसायला पाहिजे? दुकान आपल्या घरचंच आहे.

खरंच होतं तसं. लेकीचे चुलत सासरे मोटरी भरतात. घर वर आणि खाली त्यांचं दुकान. जावई राहनाळला गोडाऊनमध्ये लिहायच्या कामावर, त्याचा दुकानाशी संबंध नाही. पण एकत्र घर आहे, चूल एक आहे, आणि त्या घरात शब्द चालतो तो या चुलत व्याह्यांचाच. माणूस बोलायला इतका गोड की विचारू नका. फोन केला तर म्हणाले, "विहीणबाई, दुसऱ्या दुकानाचं नाव काढलंत तर बोलणार नाही मी तुमच्याशी. मोटर पाठवू नका, तुम्ही पण या. पोरीला भेटणं होईल."

टेम्पोत मोटर, मोटरशेजारी मी. भाडेकरूनं आणि टेम्पोवाल्यानं मिळून ती चढवली. मांडीवर डबा होता, त्यात तांदळाच्या पिठाचे लाडू, लेकीच्या सासूला आवडतात म्हणून केलेले. रिकाम्या हातानं कशी जाणार?

दुकानात गेल्यावर व्याह्यांनी स्वतः फडक्यानं स्टूल पुसलं, चहा मागवला. मी मजुरीचं विचारलं तर कानाला हात लावले. "तुमच्याकडून मजुरी घेऊ? वर तोंड दाखवायचंय मला. फक्त तांब्याचे पैसे द्या, ते मला पण विकतच आणावं लागतं." मला भरून आलं. घरी आल्यावर मी चार बायकांना हे सांगितलं, कौतुकानं सांगितलं. तांब्याचे तेवढे घेतले, बाकी काही घेतलं नाही.

चहा झाला. मी स्टुलावरच होते. पहारा करायला नाही हो, मला आपलं बघायला आवडतं. कुठलंही काम चाललेलं असलं की मी बघत बसते, तसा स्वभावच आहे. पण व्याही म्हणाले, "इथं तेलकटात कशाला बसता? वर जा, जेवा, पडा जरा. मोटर कुठं पळून जात न्हाय." आता मला सांगा, मी काय म्हणणार होते? लूमवाल्याचा माणूस स्टूल धरून बसू शकतो, तो गिऱ्हाईक आहे. मी मुलीकडची. मुलीकडच्या बाईनं व्याह्याच्या दुकानात त्याच्या हाताकडे डोळे लावून बसायचं म्हणजे त्याला चोर म्हटल्यासारखंच. त्याचं पुढे ऐकायला कुणाला लागणार? पोरीला.

म्हणून मी वर गेले.

माझी आई माझ्या घरी कधी जेवली नाही. तेव्हा रीतच होती, लेकीच्या घरचं खायचं नाही. ती यायची, दारात बसायची, माझी खुशाली विचारायची, आणि उन्हाची तशीच परत जायची, पाणीसुद्धा घ्यायची नाही. मला ते फार लागायचं. मी तेव्हाच ठरवलं होतं, आपल्याला लेक झाली तर आपण तिच्या घरी पोटभर जेवायचं. आणि जेवते मी. हे मी लोकांना अभिमानानं सांगत आले. आता कधीकधी वाटतं, त्या दिवशी आईसारखी दारात बसून राहिले असते, तर ते दार दुकानाचंच होतं, सगळं डोळ्यांसमोर झालं असतं.

लेकीनं बोंबलाचं कालवण केलं होतं. पण तिचं काही ठीक दिसेना. ताट मांडता मांडता म्हणाली, "आई, तू खाली बस ना. जेवण मी खाली आणते."

मी म्हटलं, "बाय, खाली तेलाच्या वासात जेवू मी?"

"मग जेवून लगेच जा. इथं उकडतं."

पंखा चालू होता वर. सासू आत पोळ्या लाटत होती. मला इतकं वाईट वाटलं, काय सांगू. एवढ्या लांबून मी आले, आणि माझी पोर मला उठवते? मनात आलं, सासूला माझं बसणं खपत नसेल, म्हणून ही अशी करते. मी दोन घास कमीच खाल्ले. मग हट्टानं तिथेच बसले, सासूला लाडू खिलवले, तिच्या गुडघ्यांचं ऐकलं, माझ्या गुडघ्यांचं सांगितलं. लेक मधेमधे माझ्याकडे बघायची आणि भांडी जोरात ठेवायची. मी मुद्दाम तिच्याकडे बघितलं नाही.

खालून हाक आली तेव्हा मोटर बंद होऊन तयार होती. हिरवा रंगसुद्धा मारलेला, नव्या नवरीसारखी. जुनी तार मागायचं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. पण ज्यानं मजुरी घेतली नाही त्याच्याकडे जळकी तार मागायची? भंगार मागायचं? माझ्यानं नाही झालं.

घरी आल्यावर भाडेकरूनं मोटर उचलली आणि म्हणाला, "मौसी, हलकी लग रही है।" मी म्हटलं, माझ्या गिरणीचं पीठ खाऊन तुझ्यात ताकद आली आहे. तो हसला, पण मोटरकडे बघत हसला.

मोटर चालू झाली, नाही असं नाही. पण पहिल्या दिवसापासून तिची तब्येत बरी नव्हती. दोन दळणं झाली की अंग तापायचं, हात ठेववत नसे. दळण भरलं की पट्टा मंदावायचा, मग पीठ जाडं पडायचं. तांदळाचं पीठ जाडं पडलं तर भाकरी थापताना कडेनं चिरते, हे आमच्याकडे लहान मुलीलासुद्धा माहीत. बायका आधी हसून सांगायच्या. "मावशी, आज पीठ दळलं का रवा काढला?" मी मोटर मधेच बंद करून थंड व्हायला ठेवायची, ओला गोणपाट शेजारी टाकायची. बायका डबे घेऊन बसून राहायच्या. मग बसेनाशा झाल्या. एकीचं काम असायचं, एकीचं पोर रडायचं. पलीकडच्या आळीत एकानं नवीन गिरणी टाकली होती, तिकडून पट्ट्याचा आवाज ऐकू यायचा. कुणी मला तोंडावर काही म्हणालं नाही. डबा मात्र पदराखाली झाकून त्या रस्त्यानं जायच्या. पदराखालचा डबा ओट्यावरून दिसतो हो.

मी व्याह्यांना फोन केला. ते म्हणाले, नवीन आहे, बसायला वेळ लागेल. मग म्हणाले, तुमच्याकडे लाइटचा दाब कमी असेल. मग म्हणाले, विहीणबाई, गिरणीच्या दगडाला टाकी लावलीत का, घासला असेल. दरवेळी बोलणं गोड, दरवेळी शेवटी पोरीची खुशाली. मी फोन ठेवताना आभार मानायची.

गणपतीच्या तोंडावर मोटर पुन्हा जळली. मोदकाच्या पिठाचे दिवस, वर्षातले सगळ्यात भरभराटीचे, आणि गिरणीच्या दाराला कुलूप. मी व्याह्यांना सांगितलंच नाही. मोटर टेम्पोत घातली आणि शेलारला एका अनोळखी दुकानात नेली. न्यायच्या आधी घरून डबा बांधून घेतला. तिथे गेल्यावर एक तेलाचा डबा उपडा केला आणि त्यावर बसले. दुकानदार म्हणाला, संध्याकाळी या. मी म्हटलं, मी आलेलीच आहे. त्याला काही वाटलं नाही, त्याला सवय होती. जुनी तार बाहेर काढली ती त्यानं न मागता माझ्यासमोर टाकली.

वरून तांब्याचाच रंग. माझा जीव भांड्यात पडला. वाटलं, उगाच संशय घेतला, माणूस सरळ आहे, आपली मोटरच नशिबाची. तार पिशवीत घालून घरी आणली. पण चैन पडेना. ओट्यावर विळी घेऊन बसले आणि एक तुकडा पात्यावर ओढला. रंग निघून आला, वांग्याचं साल निघावं तसा. आत पांढरं. आमच्या घरी भात करायचा जुना जर्मनचा टोप आहे ना, तसं पांढरं. दुसरा तुकडा ओढला, तोही पांढरा. मी सगळा गुंता ओढून बघितला, सगळं ॲल्युमिनियम. माझ्या मालकांचं तांबं कुणीतरी काढून घेतलं होतं, आणि नवीन तांब्याचे म्हणून माझ्याकडून घेतले ते वेगळेच.

तरी मन ऐकेना. म्हटलं, कुणी सांगावं, व्याह्यांनाच कुणी फसवलं असेल. तारेच्या रिळातच लबाडी असेल. हाताखाली माणसं आहेत, त्यांनी केलं असेल. माणूस आपल्या नात्यातला असला की आपण त्याच्यासाठी किती वकील उभे करतो.

गौरीला लेक आली. आमच्याकडे गौरीला लेक येते म्हणजे येतेच, कुठल्याही घरची असो. सासरहून डबाभर करंज्या घेऊन आली. दोन दिवस राहिली, नाचली, हसली, मी काही बोलले नाही. निघायच्या सकाळी तो डबा परत द्यायचा होता. डबा रिकामा परत करायचा नसतो, काहीतरी घालून द्यायचं, कणभर साखर का होईना. त्या सकाळी माझ्या डोक्यात काय शिरलं कोण जाणे. मी ती तार गुंडाळून डब्यात भरली, झाकण लावलं, आणि लेकीच्या हातात दिली. म्हटलं, "काकांना दे. म्हणावं, आईनं दिलं."

तिनं डबा हातात घेतला. आतून खळखळ आवाज आला. तिनं झाकण उघडलं, आणि बघितलं.

हे काय, असं तिनं विचारलं नाही. मोटरची तार तिच्या सासरच्या डब्यात कशी, ही कसली, काहीच नाही. एखादीनं विचारलं असतं की नाही? तिनं डबा ओट्यावर ठेवला आणि हळू म्हणाली, "मी तुला खाली बस म्हणत होते."

जेवताना मला उठवत होती ती का, ते मला तेव्हा कळलं. आत सासू, खाली काका. त्या घरात तिला आईशी एवढंच बोलता येत होतं, आणि मी ते ऐकलं नाही. रुसून बसले. पण मला त्याहून दुसरंच जास्त लागलं. तिला माहीत होतं. म्हणजे हे माझ्याच मोटरचं नव्हतं, रोजचं होतं. रोज खाली असं चालतं आणि वर त्याचं जेवण शिजतं, आणि माझी पोर ते वाढते.

मी म्हटलं, "जावईबापूंना सांगितलंस?"

"त्यांना काय सांगायचं. काकांनीच वाढवलंय त्यांना." मग तार तिनं स्वतःच काढून कोपऱ्यात ठेवली. पदरानं डबा आतून पुसला. "आई, यात पीठ घाल. मला तिथं राहायचं हाय."

मी पीठ घातलं.

शेलारच्या माणसानं मोटर तांब्यानं भरली, मी बघत असताना. ती चांगली चालली. दसऱ्याला मी गिरणीला हळदकुंकू लावलं, पट्ट्याला झेंडूची माळ घातली, तेव्हा व्याही सोनं द्यायला आले, सगळं घर घेऊन. गिरणी चालू होती, ओट्यावर आठवणीनं परत आलेल्या बायका होत्या. व्याह्यांनी मोटरवर हात ठेवला. अंग थंड. तो हिरवा रंग तसाच होता, शेलारवाल्यानं पुन्हा मारला नव्हता. सगळ्यांकडे वळून म्हणाले, "बघा, मीच भरून दिली. मजुरी घेतली न्हाय. उगाच संशय घेत होत्या विहीणबाई, लाइटचा प्रॉब्लेम होता." आणि आपट्याची पानं माझ्या हातात ठेवली.

लेक त्यांच्या मागे उभी होती. मी तिच्याकडे बघितलं आणि म्हटलं, "हो, चांगली चालते."

तेवढ्या एका वाक्यावर व्याह्यांचं दुकान किती चाललं असेल देवाला माहीत. ओट्यावरच्या बायकांनी ऐकलं, त्यांनी घरी सांगितलं. कुणाचा पाण्याचा पंप, कुणाचं काय. माझ्या शब्दावर लोक भिवंडीचा टेम्पो करायला लागले. मी ओट्यावर बसून त्यांना जाताना बघायची. मालकांनी ज्या गिरणीचं तांबं मिरवलं, तीच आता जर्मनची जाहिरात करत होती.

एक दिवस राहनाळची एक बाई आली. मिरची कांडून मसाला करते, त्यावर दोन मुलं वाढवते. तिच्या कांडपाची मोटर जळली होती. म्हणाली, "मावशी, तुमच्या व्याह्यांकडे टाकू का? तुमची छान चालते म्हणतात."

मी दळण थांबवलं. पीठ झटकायला म्हणून पदर झटकला, तो झटकून झाला तरी झटकत राहिले. नको म्हणावं तर व्याह्यांना कळायला वेळ लागणार नाही, नात्यागोत्याचं गाव. टाक म्हणावं तर हिच्या दोन पोरांच्या तोंडाकडे कसं बघू? शेवटी म्हटलं, "टाक. पण तिथंच बसून राहा. घरून डबा ने. वर जेवायला बोलावलं तरी उठू नको. आणि जुनी तार मागून घे."

तिनं मान हलवली आणि दळणाचा डबा तसाच घेऊन गेली.

ती बसली. पदर खोचून, स्टूल धरून, स्वतःची चटणीभाकरी खात दिवसभर बसली. व्याह्यांनी चहा दिला, वर चला म्हटलं, ती हलली नाही. मोटर तांब्यानंच भरून मिळाली तिला. आणि निघताना भोळी बाई ती, कौतुकानं सांगून गेली, "अंजूरच्या मावशींनीच सांगितलं हो, बसून राहा म्हणून."

व्याह्यांचा मला फोन आला नाही. भांडण नाही, काही नाही. हळूहळू लेकीचे फोन मात्र आखूड झाले. आधी स्वयंपाक करता करता बोलायची, कुकरची शिट्टी ऐकू यायची. आता गच्चीवरून बोलते, वाऱ्याचा आवाज येतो. काय झालं विचारलं तर म्हणते काही नाही, तू औषध घेतलंस का?

यंदा गौरीच्या आधी मी सगळं केलं. तेरडा आणला, तिची आवडती घावनं करायची म्हणून तांदूळ धुऊन सावलीत वाळवले, आपल्याच गिरणीत बारीक दळले. हाताला पीठ कसं मऊ लागत होतं. मग निरोप आला. सासूचे गुडघे धरलेत, घरात माणूस नाही, यंदा तिला पाठवता येणार नाही. निरोप सांगायला व्याही स्वतः बोलले, तेवढेच गोड. "विहीणबाई, वाईट वाटून घेऊ नका. तुम्हीच या की इकडे. या, बसा, जेवा."

मी गेले नाही. गौर बसवली, आरती केली, शेजारच्या लेकीसुना आल्या, नाचल्या. घावनं भाडेकरूनं खाल्ली. म्हणाला, "मौसी, आटा एकदम बढ़िया है।" मी म्हटलं, हो, मोटर चांगली आहे.